जिऱ्याचं पाणी उकळताना झाकण ठेवा, आणि जिऱ्याबद्दल अजून बरंच काही

जिऱ्याचं पाणी करायचं म्हणजे पातेल्यात दोन कप पाणी घ्यायचं, चमचाभर जिरं टाकायचं आणि एक कप उरेपर्यंत खदखदा उकळायचं, बहुतेक जण असंच करतात आणि मीही कितीतरी वर्षं असंच करत होते. घरभर काय मस्त वास सुटायचा, मला वाटायचं वा छान झालंय. पण तो वास हेच तर जिऱ्यातलं औषध आहे, आणि तो घरभर पसरला म्हणजे कपात राहिला नाही, एवढी साधी गोष्ट लक्षात यायला मला फार उशीर लागला. म्हणून हे सगळं नीट लिहून काढतेय, कारण जिरं चांगलं आहे हे सगळेच सांगतात पण ते वापरायचं कसं हे कोणी धड सांगत नाही.

आधी दाण्यात काय आहे ते बघू, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. जिरं हे धणे, बडीशेप, ओवा, गाजर यांच्याच कुळातलं. या कुळातल्या बऱ्याच दाण्यांच्या सालीत अगदी बारीक नळ्या असतात आणि त्यात सुगंधी तेल साठलेलं असतं. जिऱ्यात हे तेल साधारण २ ते ५ टक्के असतं आणि त्यातला मुख्य घटक म्हणजे क्युमिनाल्डिहाइड, जिऱ्याला जो जिऱ्याचा म्हणून वास येतो तो मुख्यतः याचाच. हे तेल हवेत उडून जाणारं आहे. दाणा अख्खा असेपर्यंत ते आत बंद राहतं, दाणा कुटला की मोकळं होतं आणि उष्णता लागली की वाफेबरोबर भराभर निघून जातं. जिऱ्याचे जेवढे म्हणून घरगुती उपाय आहेत त्यातले बहुतेक या तेलाच्या जिवावर चालतात, त्यामुळे आपलं काम एवढंच की ते तेल पोटात जाईपर्यंत सांभाळायचं.

आता पोटात गेल्यावर काय होतं. जिऱ्याचं नावच मुळी पचनावरून आलंय, संस्कृतात जीरक, जे खाल्लेलं जिरवतं ते. वासाने आणि चवीने तोंडाला पाणी सुटतं, आणि उंदरांवरच्या प्रयोगांत जिऱ्यामुळे पित्त आणि पाचक एन्झाइम जास्त सुटतात असं दिसलंय. आतड्याच्या आवळलेल्या स्नायूंना थोडं सैल करून अडकलेला वारा मोकळा करायचा हे या तेलाचं दुसरं काम. माणसांवरचे अभ्यास छोटे छोटे आहेत. इराणमध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे, आयबीएस म्हणजे सतत पोट बिघडण्याचा त्रास असलेल्या ५७ जणांना ४ आठवडे जिऱ्याच्या तेलाचे थेंब दिले आणि पोटदुखी, फुगणं हे कमी झालं असं आढळलं. पण तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता, त्यामुळे आशादायक आहे एवढंच म्हणता येईल, सिद्ध झालं असं नाही. माझं स्वतःचं मत विचाराल तर जेवणानंतरचं जडपण, गुबारा, ढेकरा अडकणं यासाठी जिऱ्यावर माझा पूर्ण भरवसा आहे, आणि यापलीकडे जे जे सांगितलं जातं ते जरा तपासूनच घ्यावं.

कुठलं जिरं घ्यायचं

यात लोक भयंकर गोंधळतात आणि हा गोंधळ कधीकधी महागात पडतो. आपण बोलतोय ते साधं, फिकट तपकिरी, रेघा असलेलं जिरं. शहाजिरं वेगळं, ते बारीक आणि काळपट असतं, मसाल्यात जातं. कलौंजीला काही जण काळं जिरं म्हणतात, ती तर वेगळ्याच कुळातली, दाणा टोकेरी आणि कुळकुळीत काळा. आणि कडू जिरं म्हणून जे मिळतं ते अजूनच वेगळं, प्रचंड कडू, जंतांसाठी वापरायचं औषध आहे ते, साध्या जिऱ्याऐवजी चमचाभर घालून प्यायचं काम नाही. एखाद्या व्हिडिओत नुसतं "काळं जिरं" असं सांगितलं असेल तर कुठलं ते नक्की कळल्याशिवाय घेऊ नका.

जिरं अख्खंच घ्या, पूड विकत आणू नका. एक तर पुडीतलं तेल डब्यात बसून बसून उडालेलं असतं, आणि दुसरं म्हणजे पुडीत काय काय दळलंय हे डोळ्यांना दिसत नाही. २०१५ साली अमेरिकेत जिरेपुडीत शेंगदाण्याचा अंश सापडला होता आणि कितीतरी माल परत मागवावा लागला, कारण ज्यांना शेंगदाण्याची ॲलर्जी आहे त्यांच्या जिवावर बेतू शकतं. अख्ख्या जिऱ्यातसुद्धा भेसळ होते, गवताचं बी कोळशाच्या भुकटीने रंगवून मिसळतात, पण ते घरी ओळखता येतं. चिमूटभर जिरं तळहातावर घेऊन दुसऱ्या हाताने चांगलं चोळा, हात काळा झाला तर ते जिरं वापरू नका. हात स्वच्छ राहिला आणि वास नाकात शिरला तर माल चांगला. वासच आला नाही तर भेसळ नसेलही, पण जिरं जुनं आहे, औषधाच्या कामाचं नाही.

घरी आणलं की ताटात पसरून निवडून घ्या, काड्या-खडे निघतात. धुवायचं असेल तर पटकन धुवून पूर्ण वाळवा, ओलसर राहिलं तर बुरशी धरेल.

भाजणं

हे मी जरा सविस्तर सांगणार आहे कारण इथेच सगळं बिघडतं. जाड बुडाची कढई किंवा तवा घ्या, आच मंद, तेल-तूप काही नाही. थोडंच जिरं घ्या, ४-५ चमचे, एकावर एक थर बसला तर खालचं करपतं आणि वरचं कच्चं राहतं. सतत हलवत राहायचं, फोन बाजूला ठेवायचा, खरंच, कारण चांगलं भाजलेलं आणि करपलेलं यात काही सेकंदांचाच फरक असतो. दोनेक मिनिटांत कच्चा उग्र वास जाऊन खमंग वास यायला लागतो, रंग एक छटा गडद होतो, एखादा दाणा तडतडतो, त्याच वेळी गॅस बंद करायचा आणि लगेच थंड ताटात काढायचं. कढईतच ठेवलं तर कढईच्या गरमपणाने ते भाजतच राहतं आणि कडू होतं. करपलेलं जिरं टाकून द्या, जीव हळहळतो पण त्याने पोटाला आराम नाही मिळत, उलट घशाशी येतं.

पूर्ण थंड झाल्यावरच कुटायचं. गरम असताना मिक्सरमध्ये फिरवलं तर वाफ धरते, गोळे होतात आणि पूड लवकर खराब होते. खलबत्ता असेल तर उत्तमच, जाडसर कुटायचं, अगदी पिठासारखं करायची गरज नाही. आठवड्याभराची पूड करा फक्त, घट्ट झाकणाच्या छोट्या बाटलीत.

आता एक प्रश्न हमखास येतो की भाजलेलं चांगलं का कच्चं. भाजताना थोडं तेल उडतंच, पण चव खमंग होते आणि बऱ्याच जणांच्या पोटाला भाजलेलं जास्त मानवतं. मी वरून भुरभुरायला भाजलेलं वापरते आणि पाण्यासाठी कच्चं, किंचित ठेचलेलं. दोन्ही चालतं, यावर भांडत बसू नका.

जिऱ्याचं पाणी, दोन प्रकारे

पहिला प्रकार भिजवून. एक छोटा चमचा जिरं, म्हणजे साधारण २ ग्रॅम, खलबत्त्यात दोन-तीन ठोके देऊन फक्त फोडायचं, पेलाभर पाण्यात टाकून वर ताटली झाकायची आणि रात्रभर ठेवायचं. सकाळी गाळून प्या, किंवा जिरं चावून खाल्लंत तर अजून चांगलं, कारण गाळलं की बरंच काही गाळणीतच राहतं. खूप उकाडा असेल तर रात्रभर बाहेर ठेवू नका, फ्रिजमध्ये ठेवा.

दुसरा प्रकार गरम, जेवणानंतर पोट जड झालंय आणि आत्ताच हवंय अशा वेळेसाठी. आधी पाणी उकळून घ्यायचं, कपभर, गॅस बंद करायचा, मग त्यात ठेचलेलं जिरं टाकायचं आणि लगेच घट्ट झाकण. १० मिनिटं तसंच ठेवायचं. झाकण काढताना त्याच्या आतल्या बाजूला जे थेंब जमलेले असतात ते परत कपात पाडा, वासाचं तेल त्यात असतं. उकळायचंच असेल तर झाकण ठेवून मंद आचेवर ३-४ मिनिटं, त्याहून जास्त नाही. गाळून कोमट झालं की घोट घोट प्यायचं, गटागट नाही, कारण गटागट पिताना आपण हवापण गिळतो आणि ज्यासाठी पितोय तेच वाढतं.

साखर घालू नका. काळं मीठ चिमूटभर चालेल पण ज्यांना बीपी आहे त्यांनी काळं मीठ म्हणजे वेगळं काहीतरी औषधी असं समजू नये, ते मीठच आहे, रोजच्या मिठात ते मोजायचं. लिंबू पिळायचं तर पाणी कोमट झाल्यावर.

कशासाठी काय करायचं

पोट फुगणं आणि गॅस, यासाठी वरचं गरम पाणी जेवणानंतर अर्ध्या तासाने. नुसतं अर्धा चमचा भाजलेलं जिरं तोंडात टाकून सावकाश चावत राहिलं तरी काम होतं, प्रवासात किंवा ऑफिसात हेच सोपं पडतं, छोट्या डबीत ठेवायचं. जिरं, ओवा आणि बडीशेप समप्रमाणात भाजून एकत्र ठेवलं तर चवही छान लागते आणि तोंडाचा वास पण जातो. दातांच्या किडीमुळे किंवा हिरड्यांमुळे वास येत असेल तर मात्र तो थोड्या वेळापुरताच झाकला जाईल, डेंटिस्टकडे जावंच लागेल.

जड जेवण झालंय, अंगावर आल्यासारखं वाटतंय, तर पेलाभर पातळ ताकात पाव चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड. ताक ताजं हवं, आंबट झालेलं नाही. ज्यांना दूध-ताक पचत नाही त्यांनी पाण्यातूनच घ्यावं, हट्ट करू नये.

मळमळत असेल तर जिरं फार कमी घ्यायचं, चिमूटभर पूड कोमट पाण्यात, किंवा नुसता वास घेतला तरी काही जणांना बरं वाटतं आणि काहींना त्याच वासाने अजून ढवळतं, तर आपल्याला काय होतं ते बघून ठरवा.

ॲसिडिटी. इथे मी सावध आहे. जळजळ गॅसमुळे आणि भरगच्च जेवणामुळे असेल तर भिजवलेल्या जिऱ्याच्या गार पाण्याने बऱ्याच लोकांना आराम पडतो, पण रिकाम्या पोटी जिरं घेतलं की काही जणांची जळजळ वाढते, माझ्या घरातच दोघांचे दोन तऱ्हेचे अनुभव आहेत. तीन-चार दिवस घेऊन बघा, वाढली तर बंद. आणि आठवड्यातून दोनदा-तीनदा जळजळ होतच असेल तर मग उपाय शोधत न बसता डॉक्टरांना दाखवा.

जुलाब लागले असतील तर लोक जिऱ्याची पूड खातात आणि पाणी प्यायचं टाळतात की पाणी प्यायलं की परत जावं लागतं, हे फार धोक्याचं आहे. जुलाबात माणूस खालावतो तो पाणी आणि क्षार निघून गेल्याने, आणि ते जिरं भरून काढत नाही. ओआरएस द्या. पाकीट नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ, मोजून, अंदाजाने नाही, विशेषतः मीठ. मुरड्यासाठी त्याच्या जोडीला थोडं जिरं घेतलं तर हरकत नाही.

पाळीच्या दिवसांत पोट दुखतं तेव्हा गरम जिऱ्याचं पाणी मी घेते आणि मला बरं वाटतं, त्यात जिऱ्याचा वाटा किती आणि गरम पाण्याचा किती हे मी सांगू शकत नाही, पण त्रास तर काही नाही त्यात. सर्दीतही तसंच, गरम घोटाने घसा शेकला जातो, सर्दी काही त्याने आधी बरी होत नाही.

वजन, शुगर आणि रक्त

सगळ्यात जास्त लोक जिऱ्याचं पाणी पितात ते चरबी वितळेल म्हणून. एक अभ्यास आहे, २०१४ सालचा, वजन जास्त असलेल्या ८८ बायकांवर, त्यातल्या अर्ध्या बायकांना रोज ३ ग्रॅम जिरेपूड ३ महिने दह्यातून दिली होती आणि जिरं न घेणाऱ्यांपेक्षा त्यांचं वजन थोडं जास्त उतरलं. पण दोन्ही गटांना आहाराचा सल्लाही दिलेला होता, वजन दोन्ही गटांचं उतरलं, जिऱ्याने फक्त थोडी भर पडली. आणि ती पूड होती, गाळलेलं पाणी नव्हे. तेव्हा साखरेचा चहा सोडून त्याजागी जिऱ्याचं पाणी घेतलंत तर फायदा नक्की होईल, तो मुख्यतः साखर सुटल्याचा. जेवण तेच ठेवून वर जिऱ्याचं पाणी प्यायलं तर फार काही होणार नाही.

शुगर असलेल्यांनी गोळ्या बंद करून जिरं सुरू करणं हा वेडेपणा कृपा करून करू नका. जिऱ्याने रक्तातली साखर किंचित उतरू शकते, म्हणूनच गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना मोठ्या प्रमाणात जिरं किंवा जिऱ्याच्या कॅप्सूल घेतल्या तर साखर गरजेपेक्षा खाली जाण्याची भीती असते. भाजी-आमटीतल्या जिऱ्याची काळजी नाही, औषध म्हणून रोज घेणार असाल तर डॉक्टरांच्या कानावर घाला.

रक्ताचं मला मनापासून सांगायचंय. १०० ग्रॅम जिऱ्यात ६६ मिलिग्रॅमच्या आसपास लोह असतं, आकडा ऐकून कोणीही खूश होईल. पण १०० ग्रॅम जिरं कोण खातं? एका छोट्या चमच्यात येतं साधारण १.४ मिलिग्रॅम, आणि पाळी येणाऱ्या बाईची रोजची गरज १८ मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त. त्यात वनस्पतींमधलं लोह शरीरात कमी शोषलं जातं, आणि जिऱ्याचं पाणी गाळून प्यायलं तर त्यातलं बरंचसं गाळणीतच. माझी बहीण थकवा यायचा म्हणून सहा-सात महिने रोज सकाळी नेमाने जिऱ्याचं पाणी पीत होती, की लोह मिळतंय, आणि तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन ८ च्या खाली. ते महिने वाया गेले याची मला अजून हळहळ वाटते. चक्कर, धाप, केस गळणं, सतत थकवा असेल तर आधी रक्त तपासा, गोळ्या लागल्या तर गोळ्या घ्या. जेवणात जिरं असू दे, वर लिंबू पिळा कारण सी व्हिटॅमिनने लोह जास्त शोषलं जातं, आणि जेवणाला लागून चहा घेऊ नका, त्याने उलटं होतं.

कोणी जपून

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला जिऱ्याचं पाणी देऊ नका, पोट दुखतंय म्हणून चमचाभरही नाही. त्या वयात आईचं दूध किंवा डॉक्टरांनी सांगितलेली पावडर, बाकी पाणीसुद्धा नाही. बाळाच्या पोटात कळ येत असेल तर उभं धरून ढेकर काढा, पाय सायकलसारखे हलवा. दूध वाढावं म्हणून बाळंतिणीला जिरं देतात, जेवणातून दिलं तर काही वाईट नाही, पण दूध मुख्यतः वाढतं ते बाळाला वारंवार पाजल्याने, आणि कमी पडतंय असं वाटलं तर लवकर दाखवा.

गरोदरपणात स्वयंपाकातलं जिरं ठीक, काढे आणि कॅप्सूल नकोत. ऑपरेशन ठरलं असेल तर दोन आठवडे आधीपासून औषधी प्रमाणातलं जिरं थांबवा, साखर आणि रक्त गोठणं या दोन्ही कारणांसाठी, रक्त पातळ करायच्या गोळ्या असतील तरीही विचारूनच. धणे, बडीशेप, सेलेरी यांची ॲलर्जी असेल तर जिऱ्याचीही असू शकते, ओठ-जीभ खाजली, अंगावर पित्त उठलं तर परत घेऊ नका.

बाटलीत मिळणारं जिऱ्याचं शुद्ध तेल पोटातही नको आणि त्वचेवरही नको. ते लावून उन्हात गेलं तर कातडी भाजल्यासारखी होऊन डाग पडतात. चेहऱ्याला जिऱ्याचा पॅक वगैरे जे दाखवतात ते तुम्ही सोडून द्या, जिरं पोटासाठीच ठीक आहे.

आणि एक गोष्ट, जी मी प्रत्येकाला सांगते. छातीत दाबल्यासारखं होतंय, घाम सुटलाय, दुखणं हाताकडे, जबड्याकडे किंवा पाठीत जातंय, तर "गॅस झाला असेल" म्हणून जिरं-ओवा चावत बसू नका. बायकांमध्ये आणि शुगर असलेल्यांमध्ये तर नुसती मळमळ, धाप आणि अस्वस्थपणा एवढंच दिसू शकतं. ताबडतोब हॉस्पिटल. शौचातून रक्त, काळी शौच, काही न करता वजन उतरणं, गिळायला त्रास, रात्री झोपेतून उठवणारी पोटदुखी, यातलं काही असेल तरीही जिऱ्यावर दिवस काढू नका.

किती घ्यायचं आणि ठेवायचं कसं

मोठ्या माणसाला दिवसाला एक छोटा चमचा, फार तर दीड, सगळं मिळून. महिनोन् महिने न थांबता रोज घ्यायची मला तरी गरज वाटत नाही, पोट ठीक असेल तेव्हा जेवणातलं पुरतं.

बरणी काचेची किंवा स्टीलची, झाकण घट्ट, आणि शेगडीच्या वरच्या फळीवर अजिबात नको, तिथे रोजच्या वाफेने आणि उष्णतेने जिरं मरतं. अंधाऱ्या गार कपाटात अख्खं जिरं वर्षभर सहज चांगलं राहतं. बरणीवर आणल्याची तारीख चिकटवा. वर्ष उलटलं की चार दाणे बोटांनी चुरडून नाकाशी धरा, वास लगेच चढला तर पाण्याला वापरा, आठवून आठवून शोधावा लागला तर फोडणीत संपवा आणि औषधाला नवीन आणा.